रविवर्मांच्या साड्यांची जर सोनेरी रंगाने होत नाही

राजा रविवर्मांच्या ‘गॅलॅक्सी ऑफ म्युझिशियन्स’ची नक्कल करताना बरेच जण आधी काठपदराला हात घालतात, आणि चित्र तिथेच फसतं. 1889 च्या सुमाराचं हे तैलचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अकरा स्त्रिया, प्रांताप्रांतांचे पेहराव. शिकायला अकराही घेऊ नका. दोन-तीन जणींचा भाग निवडा आणि तो 18 बाय 24 इंचांच्या कॅनव्हासवर असा बसवा की चेहरा निदान अडीच इंचांचा येईल. त्याहून लहान चेहऱ्यात पापणीची कड साधत नाही.

चौकटी आखून कोळशाने रेखाटन करा. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने फक्त उजेड-सावली मांडा. पांढरा अजिबात नको. उजेडाच्या जागी रंग फडक्याने पुसून काढा. अंबरमधल्या मँगनीजमुळे हा थर लवकर वाळतो. डोळे किलकिले करून पाहा. आकृत्या मागच्या अंधारातून इथेच सुटल्या नाहीत, तर पुढे कितीही रंग चढवा, त्या सुटणार नाहीत.

त्वचेला यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड आणि टायटॅनियम व्हाइट पुरतात. पांढरा जपून, टायटॅनियम इतर रंगांना पटकन गिळतो आणि गव्हाळ वर्ण खडूसारखा होतो. उजेड सावलीत वळतो त्या अरुंद पट्ट्यात किंचित टेर व्हर्ट हा मातकट हिरवा रंग मिसळा. रविवर्मांच्या चेहऱ्यांची गोलाई मला तरी या पट्ट्यातच दिसते.

आता काठाची जर. उजेडातला काठ ऑकर आणि रॉ अंबरचा, सावलीतला जवळपास तपकिरी. लेमन यलोत पांढरा मिसळून जाडसर ठिपके द्यायचे ते फक्त घडीच्या माथ्यावर, शून्य नंबरच्या ब्रशने. काठ सरसकट पिवळा केला की तो कापडावर चिकटवल्यासारखा दिसतो. निरीत नक्षी अर्धी लपते. तिथे ती पूर्ण काढायचा मोह आवरा.

वरच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं वाढवत न्या. तेलकट थरावर कमी तेलाचा थर चढवला, तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. सावल्या वाळल्यावर निस्तेज दिसल्या तर रंग गडद करू नका. थर हाताला कोरडा लागला की तेलाचा पुसट हात फिरवा आणि जादा तेल टिपून घ्या. मूळ छटा परत येते. वॉर्निश सहा महिन्यांनंतरच, जाड थर असतील तर वर्षाने.