टर्की नावाच्या गावाला, फिडलच्या मागे

माझे बाबा सहा महिन्यांसाठी डॅलसला आले की तिसऱ्या महिन्यात त्यांचा धीर सुटतो. मॉल झाले, मंदिर झालं, शेजारच्या तळ्यातली बदकंही मोजून झाली. या खेपेला त्यांनीच विचारलं, "ते तुझं गाणं वाजवणारे लोक आहेत कुठले?"

माझं गाणं म्हणजे वेस्टर्न स्विंग, गुराख्यांच्या फिडलच्या चालींत जॅझ-ब्लूज मिसळलेलं टेक्सासकडचं नाचाचं संगीत. मागच्या वर्षी न्यू ब्राउनफेल्सजवळच्या ग्रून हॉलमध्ये (इथे सगळे 'ग्रीन' म्हणतात) 'अस्लीप ॲट द व्हील' हा बँड ऐकला, तेव्हापासून गाडीत दुसरं काही लागत नाही. हा हॉल १८७८ चा, लाकडी, एसी नाही, बाजूच्या झडपा उघड्या. मंचावर बँडचा म्होरक्या, साडेसहा फुटांहून उंच रे बेन्सन, आणि खाली सत्तरीतली जोडपी अशी सहज गिरक्या घेत होती की मला माझ्या गुडघ्यांची लाज वाटली.

गाडीत ते ऐकताना बाबा एकदम सावध झाले. "अगं, हे तर हवाईयन गिटार!" बाबांनी कॉलेजात असताना सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवलं होतं. हजारा सिंग, व्हॅन शिप्ले यांनी त्या गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या चाली ते रेडिओवर कान लावून ऐकायचे. ती गिटार अजून आमच्या माळ्यावर आहे, तारांशिवाय. इथे त्याच वाद्याला स्टील गिटार म्हणतात. मांडीवर आडवं ठेवायचं आणि तारांवरून लोखंडी दांडी सरकवायची. हवाईहून निघालेलं हे वाद्य एकीकडे टेक्सासच्या गुराख्यांपर्यंत पोचलं आणि दुसरीकडे सांगलीपर्यंत. मग ठरवलं, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी टर्की गाठायचं. या संगीतातलं सगळ्यांत मोठं नाव बॉब विल्स, त्याच्या नावाचा 'बॉब विल्स डे' तिथे तेव्हा असतो.

टर्की हा देश नव्हे. टेक्सासच्या वायव्येला साधारण तीनशे वस्तीचं गाव आहे. डॅलसहून फोर्ट वर्थ, मग हायवे २८७ धरून विचिटा फॉल्स, चिल्ड्रेस, आणि एस्टेलाइनला डावीकडे ८६ नंबरचा रस्ता. साडेचार तास धरा, आणि चिल्ड्रेसमध्ये टाकी भरून घ्या. पुढे पंप दिसेलच अशी खात्री नाही आणि फोनचं नेटवर्क मधूनमधून बेपत्ता असतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

मुक्कामाची चूक मी केली, तुम्ही करू नका. टर्कीत १९२७ सालचं एक जुनं हॉटेल आहे, पण बॉब विल्स डेच्या आठवड्यात तिथे जागा मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळण्यासारखं. आम्ही ऐन वेळी शोधलं आणि चिल्ड्रेसच्या एका मोटेलमध्ये अडकलो. खोलीत सिगारेटचा वास आणि उशाशी रात्रभर गुरगुरणारा फ्रीज. जानेवारीतच बुकिंग करा. तंबू किंवा आरव्ही (झोपायची सोय असलेली गाडी) असेल तर उत्तमच.

तर हा बॉब विल्स कोण? जन्म १९०५ चा, टेक्सासमधल्या कॉसीजवळचा. वडील फिडल वाजवायचे (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त घराणं वेगळं). लहानपणी तो कापसाच्या शेतात वेचणीला जायचा, तिथे शेजारी काळी कुटुंबं असायची, आणि ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांचं सुखदुःखाचं गाणं, त्याच्या कानात शिरलं ते तिथेच. ब्लूज गायिका बेसी स्मिथला ऐकायला तो घोड्यावरून पन्नास मैल गेला होता, असं सांगतात. तरुणपणी या टर्की गावात तो न्हावी होता. १९२९ मध्ये फोर्ट वर्थला गेला, तिथे मिल्टन ब्राउन नावाचा गायक भेटला, आणि १९३१ मध्ये एका पिठाच्या गिरणीने त्यांना रेडिओवर जाहिरातीसाठी घेतलं. बँडचं नावच 'लाइट क्रस्ट डोबॉइज'! (लाइट क्रस्ट हे त्या पिठाचं नाव, आणि 'डो' म्हणजे मळलेली कणीक.) गिरणीचा व्यवस्थापक पॅपी ओडॅनियल याला हे संगीत सुरुवातीला आवडलं नव्हतं. पुढे त्याच रेडिओच्या जोरावर तो टेक्सासचा गव्हर्नर झाला. पीठ, फिडल आणि राजकारण: बाबा म्हणाले, "हे सगळं ओळखीचंच आहे."

या संगीताचा जनक मिल्टन ब्राउन की बॉब विल्स, यावर टर्कीत वाद घालू नका. माझं मत विचाराल तर वाट ब्राउनने पाडली. १९३२ मध्ये तो वेगळा झाला आणि त्याने 'म्युझिकल ब्राउनीज' काढली. त्यातल्या बॉब डनने १९३५ च्या जानेवारीत विजेवर चालणारी स्टील गिटार रेकॉर्डवर वाजवली, जी आधी कोणी रेकॉर्डवर आणली नव्हती. पण १९३६ मध्ये गाडीच्या अपघातात ब्राउन गेला आणि मैदान विल्सकडे राहिलं.

गावात शनिवारी सकाळी मिरवणूक निघते: घोडे, जुन्या गाड्या, ट्रॅक्टर. मग फिडलची स्पर्धा. संग्रहालय जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. विल्सची फिडलं, टोप्या, बूट, फोटो. एका तासात पाहून होतं. पण खरं बघायचं ते बाहेर. झाडाखाली, गाडीच्या मागच्या फळीवर बसून चार म्हातारे वाजवायला लागतात, पाचवा येतो, सहावा येतो. 'सॅन अँटोनियो रोझ' हे विल्सचं गाजलेलं गाणं आम्ही दिवसभरात सात वेळा ऐकलं. त्यातल्या एका स्टील गिटारवाल्याने बाबांकडे पाहून मान हलवली आणि दांडी त्यांच्या हातात दिली. बाबांचे हात थरथरत होते. चार सूर लागले, पाचवा घसरला, आणि फिडलवाल्याने मागून लांब 'आऽऽहाऽ' दिली. बॉब विल्स वादकाला अशीच दाद द्यायचा, भर रेकॉर्डिंगमध्येसुद्धा. बाबा म्हणाले, "ही वाहवाच की!"

घडीच्या खुर्च्या आणि टोपी न्या. रोख पैसे जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर डबा बांधूनच निघा. इथल्या उसळीसारख्या दिसणाऱ्या बीन्समध्ये हमखास मांस निघतं, आणि 'चिकन फ्राइड स्टेक' या पदार्थात चिकन औषधालाही नसतं, ते गाईचं मांस असतं. आमच्याकडे धपाटे आणि दाण्याची चटणी होती. एप्रिल-मे हे या भागात गारपिटीचे आणि टॉर्नेडोंचे (भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या वादळांचे) दिवस, त्यामुळे सकाळी हवामानाचा इशारा पाहिल्याशिवाय हलू नका. दुपारी वेळ असेल तर दहा मैलांवर किटाक्वे (उच्चार 'किटिक्वे') आणि त्याला लागून कॅपरॉक कॅन्यन्स उद्यान आहे. लाल कडे आणि मोकळे फिरणारे बायसन. त्यांच्याजवळ सेल्फीसाठी जाऊ नका.

रविवारी शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा, जिथे विल्सचं नाव झालं. चिल्ड्रेसवरून ८३ ने शॅमरॉक, मग आय-४० ने ओक्लाहोमा सिटी, आणि पुढे टर्नर टर्नपाइक हा टोलचा रस्ता. टोलनाका नाही, कॅमेरा पाटीचा फोटो काढतो आणि बिल घरी येतं. गाडी भाड्याची असेल तर वरचा आकार किती लागतो ते आधीच विचारा.

टल्सातलं केन्स बॉलरूम हे या संगीताचं खरं माहेर. १९२४ मध्ये गॅरेज म्हणून बांधलेली इमारत, पुढे नाच शिकवायची शाळा झाली. १९३४ मध्ये विल्स आपले 'टेक्सास प्लेबॉइज' घेऊन टल्साला आला आणि केव्हीओओ रेडिओवर रोज दुपारी वाजवू लागला. गुरुवारी आणि शनिवारी रात्री इथे नाच. शेतकरी दुपारच्या जेवणाला घरी यायचे ते रेडिओ लावूनच. फिडल, स्टील गिटार, बँजो यांच्या जोडीला त्याने ट्रम्पेट-सॅक्सोफोन आणले, पियानो आणला, ड्रम आणला. १९४४ च्या डिसेंबरमध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमात ड्रमवरून वाद झाला, कारण तिथे ड्रम चालत नसे. विल्सला त्याची पर्वा नव्हती. लोकांना नाचायचं आहे ना, मग ठेका हवाच.

केन्स रोज बघायला उघडं असेलच असं नाही, कार्यक्रमाचं तिकीट काढूनच आत जा. जमलं तर मार्चच्या सुरुवातीला, विल्सच्या वाढदिवसाच्या सुमाराला जा. आम्ही गेलो तेव्हा कुठला तरी तरुण रॉक बँड होता. बाबांनी कानात कापूस घातला आणि पूर्ण वेळ जमीन बघत राहिले. मेपलच्या फळ्या, पायाखाली किंचित लवचीक. भिंतीवर जुन्या कलाकारांची मोठी चित्रं, आणि छताला निऑनचा तारा.

आता थोडं कडू. या बॉलरूमपासून पायी पंधरा मिनिटांवर ग्रीनवुड आहे. १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने काळ्या लोकांची ती अख्खी वस्ती जाळली. पुढे ज्या नाचांत ब्लूजवर पाय थिरकत होते, तिथे ब्लूज देणाऱ्यांना प्रवेश नव्हता. तिथलं 'ग्रीनवुड रायझिंग' हे केंद्र पाहिल्याशिवाय टल्सा सोडू नका, आणि शक्यतो बॉलरूमच्या आधी पाहा. आम्ही उलट केलं. संध्याकाळी बाबा जेवताना काही बोलले नाहीत.

युद्धानंतर मोठे बँड परवडेनासे झाले, टीव्ही आला, रॉक अँड रोल आलं, आणि वेस्टर्न स्विंग म्हाताऱ्यांचं संगीत ठरलं. ते परत उभं केलं कोणी? टेक्सासच्या गुराख्याने नव्हे. रे बेन्सन हा फिलाडेल्फियाकडचा ज्यू मुलगा. १९७० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉ पॉ नावाच्या खेड्यात मित्रांबरोबर त्याने 'अस्लीप ॲट द व्हील' हा बँड सुरू केला. त्याच साली कंट्री गायक मर्ल हॅगर्डने विल्सच्या गाण्यांचा अल्बम काढला होता, तो या पोरांच्या हातात पडला. १९७४ मध्ये ते ऑस्टिनला आले आणि टेक्सासचेच झाले. वादक डझनावारी बदलले, गाडी थांबली नाही. दहा ग्रॅमी मिळाली.

पण मला आवडतो तो १९७३ च्या डिसेंबरचा किस्सा. आजारी विल्सचं शेवटचं रेकॉर्डिंग डॅलसमध्ये चाललं होतं. हे तरुण त्याला भेटायला गेले. चाकाच्या खुर्चीत तो इतका थकलेला होता की उद्या बोलू, असं ठरलं. त्या रात्री त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. १३ मे १९७५ ला गेला. ज्याची गाणी हे लोक पन्नास वर्षं वाजवत आले, त्याच्याशी त्यांचं एक वाक्यही झालं नाही.

विल्सची समाधी टल्साच्या मेमोरियल पार्क दफनभूमीत आहे. कार्यालयात विचारा, जागा दाखवतात.

नाचायची इच्छा असेल तर एवढंच: जोडप्यांचा प्रवाह घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. हळू जाणाऱ्यांनी आतल्या बाजूने राहायचं. मध्येच उभं राहून फोन काढलात तर कोणी तरी आजी तुम्हाला नम्रपणे कोपराने बाजूला करेल. बूट गुळगुळीत तळाचे घाला, रबरी तळ अडकतो. येत नसलं तरी उतरा, टर्कीत एका ऐंशीच्या बाईंनी बाबांना 'क्विक-क्विक, स्लो, स्लो' दोन मिनिटांत शिकवलं.

परत निघण्यापूर्वी बाबांनी टल्साच्या एका वाद्यांच्या दुकानातून स्टील गिटारची दांडी घेतली, सांगलीच्या माळ्यावरच्या गिटारसाठी. जूनमध्ये विमानतळावर ती हातातल्या पिशवीत सापडली आणि दहा मिनिटं बाबा सुरक्षारक्षकाला हवेत गिटार वाजवून दाखवत होते. ती चेक-इनच्या बॅगेत टाका.