विकतचं म्हावरं

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला मी एकदा रात्री तीनला उठून भिगवणला गेले आहे. कच्छच्या सहलीत त्यांच्यासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवला होता. आणि ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की दुसरं स्टेशन ऐरोली, तिथल्या खाडीत हेच पक्षी दर हिवाळ्यात लाखाच्या वर उतरतात, तिकडे जायला मला सतरा वर्षं लागली. याची मला खरोखर लाज वाटते. या फेब्रुवारीत गेले तेही ऑफिसातल्या मैत्रिणीने धरून बसवलं म्हणून. तिचं सासर ऐरोलीच्या कडेला, दिवा गावच्या कोळीवाड्यात. "सकाळी बोटीतून पक्षी बघ आणि दुपारी घरी जेवायला ये," एवढंच ठरलं होतं.

बोट खाडीकाठच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुटते. तिची वेळ भरतीवर ठरते, कारण पाणी उतरलं की ती चिखलात बसते. त्या दिवशी साडेआठची फेरी होती. दोन्ही बाजूंना तिवर आणि चिपी या खारफुटीच्या झाडांची गर्दी, मध्ये करडं पाणी, पलीकडे भांडुप-कांजूरचे उंच टॉवर. बगळे, शेकाट्या, कुरव, खांबावर पंख वाळवत बसलेली एक घार. आणि मग वळण घेतल्यावर एकदम ते. लांबून चिखलावर गुलाबी पट्टा ओढल्यासारखे दिसत होते. जवळ गेल्यावर एकेक मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी चाळताना दिसला. हजारोंच्या चोचींचा पुटपुटल्यासारखा एक आवाज येतो, तो मी भिगवणला कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात आमच्या बोटीतल्या एका कुटुंबाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांना पक्षी उडतानाचा व्हिडिओ हवा होता. एकाने शिट्टी मारली, दुसऱ्याने बोटवाल्या दादांना "अजून जवळ घ्या, इंजिनचा आवाज करा" म्हणून सांगितलं. दादांनी इंजिन बंद केलं. म्हणाले, "ते इथे खायला आलेत, साहेब. परत कच्छपर्यंत उडायचं असतं त्यांना. एकदा उडवले की बसेपर्यंत तेवढं खाणं बुडतं त्यांचं." तरी मागून टाळी आलीच. मला इतका राग आला की मी मागे वळून मोठ्याने बोलले, आणि उरलेला अर्धा तास त्या बोटीत कोणी माझ्याशी बोललं नाही. पैसे भरले म्हणजे पक्ष्यांची भूकही विकत घेतली, असं लोकांना कसं वाटतं?

परतताना दादांना विचारलं, हे पक्षी इथे एवढ्या संख्येने का येतात? त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. मुंबई, ठाणे, नवी मुंबई या तिन्ही शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्यावर शेवाळ माजतं आणि छोट्या रोहितांचं ते खाणं आहे. 1990 च्या दशकापासून त्यांची संख्या वाढत गेली त्याचं हे एक कारण अभ्यासकही सांगतात. "त्यांना गावलं, आमचं गेलं," दादा म्हणाले. ते दिवा गावचेच. तेव्हा मी ते वाक्य नुसतं ऐकलं.

अकराच्या सुमारास कोळीवाड्यात पोचले. मैत्रिणीची आजेसासू ओट्यावर बसली होती, पुढ्यात प्लॅस्टिकची पाटी आणि पाटीत काळपट ओला गोळा. पहाटेच्या भरतीला लावलेलं जाळं मैत्रिणीच्या दिरांनी नुकतंच रिकामं केलं होतं. मी शेजारी बसले. आजी वर न बघता निवडत होत्या. अंगठ्याच्या नखाने गोळ्यातून काहीतरी सोडवायचं, पाण्यात खळबळायचं आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकायचं.

डावीकडे दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे पडत होते. शॅम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, थर्माकोलचे तुकडे, एका लहान मुलाची चप्पल. गाठ मारलेल्या एका पिशवीत निर्माल्य होतं, झेंडू काळे पडलेले, दोऱ्यासकट. कुणीतरी हात जोडून ते पुलावरून खाली सोडलं असणार. उजवीकडे बराच वेळ काही पडलंच नाही. मग मूठभर कोलंबी आली. चार बोय, हाताच्या पंजाएवढे. दोन निवट्या आणि एका नांगीची चिंबोरी. आजींनी बोटाएवढी पिल्लं वेगळ्या तांब्यात ठेवली होती, ती नातवाला परत पाण्यात सोडायला सांगितली. निवडायला पाऊण तास लागला. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे होते. मी विचारल्यावर म्हणाल्या, "पाणी खातं गो. खाज सुटते, रात्री तेल लावते."

त्या डावीकडच्या ढिगात आमच्या घरी रोज येते त्याच दुधाची पिशवी होती. निळी, तिरका कापलेला कोपरा. मी पण तशीच तिरकी कापते. हे लिहिताना ती डोळ्यांसमोर आहे.

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, तळलेले बोंबील आणि कोलंबीचं कालवण होतं. चिंच घालून केलेलं, वर खोबऱ्याची जाड तरी. इतकं चांगलं कालवण मी कधी खाल्लेलं नाही, आणि मी ते म्हणालेही. "खाडीच्या ताज्या कोलंबीची चव वेगळीच," असंही म्हणाले. तेव्हा घरातले सगळे एकदम गप्प झाले. मैत्रीण ताटाकडे बघायला लागली. आजी म्हणाल्या, "नाय गो पोरी. ती बाजारची हाय. पावन्याला खाडीचं म्हावरं नाय देत आमी आता. वास मारतं."

सकाळी दीर ठाण्याच्या बाजारात जाऊन चारशे ऐंशी रुपयांची कोलंबी घेऊन आले होते. माझ्यासाठी. कोळ्याच्या घरी, खाडी दारात असताना.

"मग ते सकाळचं?" मी विचारलं.

"ते आमी खातो."

पुढचा घास माझ्या घशाखाली उतरेना. आजी मात्र आग्रह करत राहिल्या, भाकरीवर भाकरी वाढत राहिल्या. त्यांच्या लग्नात वऱ्हाडाला याच खाडीतला जिताडा वाढला होता, एकेक माणूस उचलेना एवढा. खाजणात हात घातला की खुबे लागायचे, पोरं शाळेतून येताना निवट्या पकडून आणायची. मग ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले, पुढे शहर आलं. पाण्याला आधी रॉकेलसारखा वास यायला लागला, आणि मग माशाला.

दुपारी दिरांनी एक प्लॅस्टिकची फाईल काढली. त्यात वर्तमानपत्रांची कात्रणं होती, कडा पिवळ्या पडलेल्या. नवी मुंबई वसवायला 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं त्यात गेली, हे मला शाळेपासून माहीत होतं. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकरी गेले आणि त्यातूनच पुढे जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायची योजना आली, हेही ठाऊक होतं. मला कधीच न सुचलेला प्रश्न दिरांनी विचारला. "शेताला सातबारा असतो, ताई. त्यावर भरपाई मिळते. आमच्या पणजोबांपासून आम्ही या पाण्यावर जगलो, पण पाण्याचा सातबारा कुणाकडे असतो?"

फाईलमधलं सगळ्यात जपून ठेवलेलं कात्रण उरणचं होतं, तिकडे त्यांची सोयरीक आहे. तिथल्या बंदराच्या भरावाने मासेमारीच्या जागा आणि समुद्रात जायच्या वाटा गेल्या. रामदास जनार्दन कोळी आणि त्यांच्या साथीदारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने फेब्रुवारी 2015 मध्ये 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. दुसरं कात्रण 2021 चं. वाशीच्या खाडीवर तिसरा पूल बांधताना ज्यांची मासेमारी बुडते त्यांना भरपाई मिळाली पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाने एका मच्छीमार संस्थेच्या याचिकेवर सांगितलं. दिरांनी त्या ओळीखाली बॉलपेनने दोनदा रेघ मारली होती. "आमचा हक्क आहे, हे कुणीतरी कागदावर लिहिलं," एवढंच ते म्हणाले.

2015 च्याच ऑगस्टमध्ये या खाडीचा सुमारे 1,690 हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाली. मी तेव्हा आनंदाने स्टेटस ठेवलं होतं. कोळीवाड्यात त्याच दिवसांत लोक विचारत होते, आता जाळं टाकू देतील का? अभयारण्य हवंच, यात मला शंका नाही. त्याची चौकट नसती तर तिवरांवर केव्हाच भराव पडला असता. पण पक्ष्यांसाठी पाणी राखायचं आणि त्याच पाण्यात उभ्या असलेल्या आजींच्या हातावरचे चट्टे हिशेबात धरायचे नाहीत, हे मला पटत नाही. निघताना मी त्यांना विचारलं, या पक्ष्यांचा राग नाही येत? त्या म्हणाल्या, "त्यांचा कशाला? ते पण पोटामागं आलेत."

पुढच्या रविवारी नेरूळच्या तळ्यावर गेले. 2024 च्या उन्हाळ्यात त्या तळ्यात भरतीचं पाणी यायचं थांबलं, तळं शेवाळाने भरलं आणि रोहित मेले. तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी काठावर मानवी साखळ्या धरल्या होत्या, पत्रांवर पत्रं लिहिली होती. त्यांतल्या काही काकू अजून रोज सकाळी पाण्याची पातळी बघायला येतात. एकीने मला पाणी आत येण्याचा मार्ग दाखवला. हाताच्या मापाने सांगत होती, काल एवढं होतं, आज एवढं आहे. घरातल्या आजारी माणसाचा ताप सांगावा तसं.

तिसऱ्या रविवारी पुन्हा ऐरोली. दिवा गावची काही मुलं, मैत्रिणीचे दीर आणि आसपासच्या सोसायट्यांमधली माणसं ओहोटीला तिवरांतला कचरा काढतात, त्यांच्यात गेले. गमबूट घालून चिखलात उतरलं की पहिल्या पावलालाच गुडघ्यापर्यंत आत जातो आपण. तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर उभी असतात, त्यांतूनच झाड श्वास घेतं. त्या मुळांवर प्लॅस्टिक बसलं की झाड गुदमरतं. राज्यात खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाने 2018 साली पूर्ण बंदी घातली, पण असं हळूहळू गुदमरणारं झाड कुणी तोडलं असं म्हणणार? दिरांनी एक पान तोडून दिलं, "चाटून बघा." पानावर मिठाचे कण होते. मुळांनी ओढलेलं खारं पाणी झाड पानांतून असं बाहेर टाकतं.

माझ्या वाट्याला एक गोधडी आली. कुठल्यातरी घरातली, जुन्या साड्यांची, हाताने शिवलेली, चिखल पिऊन इतकी जड झालेली की आम्ही तिघांनी ओढली तरी निघेना. मुळं मोडू नयेत म्हणून ओढायचं नाही, एकेक टोक उचलत सोडवायचं, हे दिरांनी शिकवलं. वीस मिनिटं लागली. खालची मुळं पांढरट, वाकलेली होती. एक हलकेच हाताने सरळ केलं. तेवढ्यात बाजूच्या डबक्यातून एक निवटी उड्या मारत आली आणि त्या रिकाम्या झालेल्या चिखलावर बसली, डोळे वर काढून.

दीड तासात बावीस पोती भरली. भरती चढायला लागली तसे आम्ही बाहेर आलो. पाण्याबरोबर पुन्हा पिशव्या येताना दिसत होत्या, आणि मुलं त्यांच्याकडे बघत शांतपणे पोती बांधत होती. मला तिथे रडू आलं.

हातपाय धुऊन घरी गेलो तर आजी ओट्यावरच होत्या. पाटी समोर, निवडून झालेली. मी विचारलं, "आजी, आज पण बाजारचं आणलं का?" त्यांनी माझ्या चिखलाने माखलेल्या सलवारीकडे पाहिलं, गुडघ्यावर ओरखडा होता त्याकडे पाहिलं आणि आत सुनेला हाक मारली, "तिला आपल्यातलंच वाढ."

ताटात दोन बोय होते, हळद-तिखट लावून तळलेले, आणि चमचाभर कोलंबी. पहिल्या घासाला वास आला, रॉकेलसारखा, अगदी पुसट, आणि मागून माशाची गोडी. आजी समोर बसून बघत होत्या. मी दोन्ही बोय खाल्ले. त्यांनी तिसरा वाढला.