ध्रुपद पुन्हा एकदा

नाताळ झाला की तिसऱ्या रात्री आमच्या मंडळीचं भजनसंमेलन असे. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव लहान, पण त्या रात्री राहुरी, नेवासा, श्रीरामपूरकडची माणसं यायची. चर्चच्या पटांगणात मंडप, खाली सतरंज्या, कडेला चुलाणावर चहाचं पातेलं. दवाने दिमडी सैल पडायची, मग पोरं ती धगीवर शेकून आणायची. तो शेकलेल्या कातड्याचा वास मला अजून आठवतो.

रविवारी आम्ही मिशनरींनी आणलेल्या चालींवरची गीतंही म्हणत असू. संमेलनाची रात्र मात्र अभंग, ओवी आणि पदांची. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे नगरला राहून भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आमच्या आजीला त्यातली कित्येक पदं तोंडपाठ होती.

बाबा पेटी वाजवायचे. त्यांची एक सवय होती. मागे बसलेलं कुणी गात नाही असं दिसलं, की ते पुढचं कडवं घ्यायचेच नाहीत. ध्रुपद, म्हणजे पदाचं पालुपद, पुन्हा, आणखी पुन्हा. लहानपणी मला त्याचा कंटाळा येई.

एका श्रावणात बाबा गेले. आई त्यानंतर बोलेनाशी झाली. रात्र रात्र जागी, समोर ताट तसंच. घरी येणारे म्हणत, "विश्वास धरा, ताई, रडू नका." तिला रडूही येत नव्हतं, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

त्या वर्षी आत्याने तिला शाल गुंडाळून जवळजवळ ओढतच संमेलनाला आणलं. पाळकसाहेबांनी सुरुवातीला बायबलमधलं ८८वं स्तोत्र वाचलं. स्तोत्रांमधला दुःखी माणूस बहुधा शेवटी सावरतो, देवाची स्तुती करतो. या स्तोत्रात तसं होत नाही, ते अंधारातच संपतं. पाळकसाहेबांनी वर काही समजावलं नाही. पुस्तक मिटलं आणि संथ ओवी धरली. बाबांच्या पेटीवर काका बसले होते. आत्याने आईच्या मांडीवर पदांचं पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. काकांनी ध्रुपद किती वेळा घेतलं कोण जाणे. ओवीची लांब ओळ सोडताना श्वास आपोआप सावकाश होतो, शेजारच्या दहा जणांच्या श्वासाला लागतो. बऱ्याच वेळाने आईचे ओठ हलले. आवाज नव्हता, नुसते ओठ.

ती त्या रात्रीत बरी झाली असं मी कधीच म्हणणार नाही. पुढच्याच महिन्यात पाळकसाहेब स्वतः तिला घेऊन नगरला मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. दोन वर्षं गोळ्या चालल्या. विश्वासणाऱ्याला गोळ्या कशाला, असं कुणीतरी म्हणालं होतं, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शौल राजाला पछाडणारा दुरात्मा आला की दावीद वीणा वाजवी आणि राजाला बरं वाटे, असं बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. ते दुखणं पुन्हा येई, वीणा पुन्हा हातात घ्यावी लागे. गाण्याकडून मीही तेवढंच मागते, आणि तेवढं पुष्कळ आहे. आई म्हणायची, "गाताना धोंडा उतरत नाही गं. पण तेवढा वेळ सगळ्यांनी हात लावल्यासारखं वाटतं."

मी आता पुण्यात असते, पण ती रात्र चुकवत नाही. मागच्या वर्षी मंडपाच्या खांबाला टेकून एक कॉलेजातला मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या घरचं कळलं होतं, विचारायचं धाडस कुणाला होत नव्हतं. आई गुडघे धरत उठली, त्याच्याशेजारी जाऊन बसली. त्याच्या मांडीवर पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि पेटीवाल्याला हातानेच खूण केली, ध्रुपद पुन्हा घे.