आमची वाटचाल : आधी पोट, मग बाकीचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबांची शेड होती. उसाच्या ट्रॉल्या बांधायचे. गळीत हंगाम संपला की दुरुस्तीच्या ट्रॉल्यांची रांग लागायची आणि बाबा प्रत्येकीखाली पोतं टाकून आधी आडवे व्हायचे. "रंग काय, कुणीही मारतं. चासी बघ," म्हणायचे. आज कॅनडात, कॅलगरीजवळ, आमचं ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. 12 हिवाळे झाले. मीही आधी खालीच शिरतो.

सुरुवात एका भाड्याच्या गाळ्यात झाली. मी, एक मदतनीस, आणि फोन-हिशेब सांभाळणारी पत्नी. कामं उन्हाळी सहलीच्या ट्रेलरची : बेअरिंग, ब्रेक, छताचं सीलंट. पण इथे कामाच्या मागे गाव बदलणारे वेल्डर, पाइपलाइनवाले बारा महिने ट्रेलरमध्येच राहतात. त्यातला एक पहिल्याच ऑक्टोबरात आला. गॅसचा खर्च वाचवायचा होता. मी दोन इलेक्ट्रिक हीटर बसवून दिले. आत छान ऊब.

जानेवारीत पारा उणे 30 वर गेला आणि पहाटे त्याचा फोन आला : नळाला पाणी नाही. ट्रेलरच्या आतल्या फरशीखाली पाइप आणि टाक्या असतात, त्या जागेला आम्ही पोट म्हणतो. फर्नेसच्या, म्हणजे गॅसवर हवा तापवणाऱ्या भट्टीच्या, गरम हवेची एक नळी त्या पोटात सोडलेली असते. हीटरमुळे खोली उबदार राहिली, म्हणून फर्नेस लागलीच नाही आणि पोट गोठलं. पाइप फुटला, टाकीचा व्हॉल्व्ह तडकला. चूक माझी होती. सगळं काम मी पदरचे पैसे घालून करून दिलं. त्याच माणसाने पुढे आणखी तिघांना आमच्याकडे पाठवलं.

तेव्हापासून ट्रेलर विकत घेण्याआधी तो तपासून देणं हे आमचं मुख्य काम झालं. 'फोर सीझन', म्हणजे चारही ऋतूंत राहण्याजोगा, हे स्टिकर कुठलाही कारखाना लावू शकतो; त्याची एकच एक ठरलेली कसोटी नाही. म्हणून पोटाखालच्या प्लॅस्टिक शीटचे चार स्क्रू काढून मी हात आत घालतो. पुष्कळदा थंडी अडवणारी फायबरग्लासची लोकर ओली होऊन एका कोपऱ्यात गोळा झालेली लागते आणि टाकी उघडीच असते. मग भिंती बोटांच्या पेरांनी ठोकत जातो, कलिंगड घेताना ठोकतात तसं. आवाज पोकळ आला की पाणी मुरून थर सुटलेत. खिडक्या दुहेरी काचेच्याच हव्यात. बाहेर सरकणारी खोली शक्यतो नकोच; थंडीत तिचं रबर ताठरतं आणि वारा आत येतो.

माझी पसंती विचाराल तर ब्रिटिश कोलंबियातल्या आर्मस्ट्राँगला बनणारा बिगफूट ट्रेलर. फायबरग्लासचे वरचे-खालचे दोन साचे जोडलेले, त्यामुळे सांधे कमी. कॅलगरीत हे फार महत्त्वाचं. इथे चिनूक नावाचा उबदार वारा सुटला की काही तासांत तापमान 20 अंशांनीही चढतं, छतावरचा बर्फ वितळून फटीत शिरतो आणि रात्री पुन्हा गोठून फट रुंदावतो. ओरेगनमधला आर्क्टिक फॉक्सही चांगला. ते चासी स्वतःच बांधतात. विनिपेगमध्ये 1968 साली सुरू झालेला छोटा बोलर मला मनापासून आवडतो, त्याचं कवच 50 वर्षं टिकतं, पण हिवाळाभर राहायला मी तो कुणाला घेऊ देत नाही.

ओल हा दुसरा शत्रू. ट्रेलरमधला गॅस म्हणजे प्रोपेन; तो एक किलो जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात सुटतं. शेगडीवर भात लावला, दोघं झोपली, की सकाळी खिडकीवरून ओघळ वाहतात. गादी उचलली की खाली काळी बुरशी. गादीखाली लाकडी पट्ट्या टाका, छताचं झरोकं बोटभर उघडं ठेवा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

गॅसचा हिशेब पत्नी कागदावर मांडून देते. 20 पौंडांच्या सिलिंडरमध्ये साधारण 4 लाख 30 हजार बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता. तासाला 30 हजार बीटीयूची फर्नेस सलग चालली तर 14 तासांत सिलिंडर रिकामा. तो कागद बघून काहीजण बेत रद्द करतात. करू देत. तेवढ्याने आमचं गिऱ्हाईक जातं, पण एखादं लेकरू थंडीत कुडकुडत नाही.

आता आम्ही पाचजण आहोत. सप्टेंबर-ऑक्टोबर, पोटाखाली वारा शिरू नये म्हणून, ट्रेलरभोवती फोमचं कुंपण घालण्यात जातो.

मागच्या आठवड्यात एक तरुण वेल्डर बायकोला घेऊन आला. मोबाइलवर ट्रेलरचे फोटो होते : स्वयंपाकघर, सोफा, टीव्ही. मी म्हटलं, खालून एक फोटो काढून आण. संध्याकाळी त्याने बर्फात झोपून काढलेला फोटो पाठवला. शीट मधोमध लोंबत होती आणि तिच्या टोकाला हातभर बर्फाचा सुळका. तो ट्रेलर त्यांनी सोडला. शनिवारी रेड डिअर या शहरात दुसरा बघायला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.