रत्नागिरी ते लेह, बिऱ्हाडासकट

लेहला बदली झाली की कोकणातला माणूस आधी जाड जाकीट घेतो. ते लागतंच. पण पहिल्या वर्षी खरे हाल करतात विरळ हवा, गोठलेलं पाणी आणि बंद रस्ता. यातल्या कशालाही जाकिटाचा उपयोग नाही.

निघायचा महिना हातात असेल तर गणपती झाल्यावर लगेच निघावं. सप्टेंबरात पोचलं की अंग रुळायला आणि घर हिवाळ्याजोगं करायला दोन महिने मिळतात, आणि मुख्य म्हणजे सामानाचा ट्रक येऊ शकतो. मनाली-लेह रस्ता साधारण नोव्हेंबरपासून बर्फाखाली जातो. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग टळतो, पण पुढे बारालाचा ला, लाचुंग ला आणि ५,३०० मीटरांहून उंच तांगलांग ला या खिंडी आहेतच. श्रीनगरकडचा रस्ता झोजी ला खिंडीत अडतो. त्यानंतर उरतं फक्त विमान, आणि हवा बिघडली की तेही रद्द. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात, दुपारनंतर वारा सुटतो. त्यामुळे हिवाळ्यात दिल्लीहून पुढचं किंवा परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नये, मध्ये एक मुक्काम धरावा.

सामान मनालीमार्गे ट्रकने पाठवावं, माणसांनी मात्र त्या वाटेने येऊ नये. वाटेतला सरचूचा मुक्काम ४,२०० मीटरांच्या वर, म्हणजे लेहपेक्षा उंच, आणि समुद्रकाठून आलेली माणसं तिथेच आजारी पडतात. श्रीनगरहून येऊन कारगिलला (सुमारे २,६७० मीटर) रात्र काढली तर चढ अंगाला सोसतो. विमानाने आलात तर दिल्लीहून सव्वा तासात ३,५०० मीटरांवर. तिथे हवेचा दाब रत्नागिरीच्या दोन तृतीयांश.

म्हणून पहिले ४८ तास काहीही करायचं नाही. पेट्या उचलायच्या नाहीत, बाजार बघायला जायचं नाही, दारू आणि झोपेच्या गोळ्या तर नाहीच. लष्करात या उंचीवर आलेल्या जवानाला सहा दिवस देतात: दोन दिवस विश्रांती, मग सपाटीवर चालणं, शेवटी थोडा चढ. घर लावायची घाई असणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. उंचीचा त्रास टाळणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी (नेहमीचं प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून) गावातल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची अॅलर्जी असल्यास तसं आधी सांगावं. ऑक्सिमीटर पहिल्या दिवशी ८५ ते ९० दाखवतो, त्याने घाबरू नये. डोकेदुखी आणि अपुरी झोप चालून जाते. बसल्या जागी धाप, खोकला, चालताना झोक जाणं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. थेट सोनम नोरबू रुग्णालय गाठायचं.

निघण्याआधी एक काम हमखास राहून जातं. लडाखबाहेरचं प्रीपेड सिम इथे चालत नाही. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, म्हणून निदान दोन आठवडे आधी नंबर पोस्टपेड करून घ्या.

घर बघताना खोल्या मोजू नका, ऊन मोजा. दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या हव्यात. काचेची खोली, म्हणजे लडाखी भाषेत शेलखांग, असेल तर भाडं थोडं जास्त द्यावं. जानेवारीत रात्री उणे १५ असताना तिथे दुपारी स्वेटर काढून बसता येतं. दुसरा प्रश्न पाण्याचा: ‘हिवाळ्यात नळाला पाणी असतं का?’ बहुतेक ठिकाणी नसतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं, म्हणून घरमालक कडाका पडण्याआधीच नळ बंद करून पाइप रिकामे करतात. मग टँकर, सार्वजनिक नळ आणि बादल्या. साठवणीचे ड्रम घराच्या आत, राहत्या खोलीला लागून ठेवावेत. गच्चीवरची टाकी पहिल्या कडाक्यात बर्फाचा ठोकळा होते. गीझरही रिकामा करायचा, हे मालक सांगायला विसरतो आणि टाकी भाडेकरूची फुटते.

कोरड्या लडाखी संडासाला नाक मुरडू नका. हिवाळ्यात चालतो तोच. पाणी ओतायचं नाही, दर वेळी फावडंभर माती किंवा राख टाकायची. वसंतात त्याचं खत शेतात जातं.

हिवाळ्यात घर एका खोलीचं होतं. त्या खोलीत बुखारी, म्हणजे धुराड्याची शेगडी. धुराड्याचे सांधे आणि काजळी थंडीआधी तपासून घ्या. बुखारी पेटलेली असताना खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि झोपण्यापूर्वी ती विझवायची. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. रात्रभर पुरते ती गरम पाण्याची पिशवी. सिलिंडरही आतच ठेवावा. थंडीत त्यातल्या ब्युटेनचा वायू होत नाही, ज्योत मंदावते आणि भरलेला सिलिंडर संपल्यासारखा वाटतो. त्याला आच देण्याचा शहाणपणा मात्र कोणी करू नये.

स्वयंपाकात लेहला कोणाचीच डाळ शिजत नाही, निदान उघड्या पातेल्यात. पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं. कुकरमध्येही गावच्यापेक्षा पाच-सहा अंश कमी मिळतात, म्हणून तूरडाळ तासभर भिजवून शिट्ट्या दुप्पट धराव्यात, कुळीथ आणि चणे रात्रभर भिजवावेत. कुकरच्या दोन जादा रिंगा आणा, कोरड्या थंडीत त्या कडक होतात. इडलीचं पीठ आणि दह्याचं विरजण चादरीत गुंडाळून बुखारीपासून हातभर लांब ठेवावं. हातभरच, कारण जवळ ठेवलं तर एक बाजू शिजते. उकडीच्या भाकरीवर ओलं फडकं हवंच, नाहीतर थापता थापता चिरा पडतात.

गावाहून आमसुलं, कुळथाचं पीठ, सोडे, सुके बोंबील आणावेत. बर्फ पडल्यावर भाजीत बटाटा, कांदा, सलगम आणि कोबीच राहतात, तेव्हा सोड्यांची किंमत कळते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र ट्रकने पाठवा. तेलामुळे खोबरं ज्वालाग्राही धरलं जातं आणि विमानतळावर अडवलं जातं. खोबरेल तेल २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे इथे जवळजवळ वर्षभर. रुंद तोंडाच्या डब्यात आणा, नाहीतर बाटली कापावी लागते. चेहऱ्याला जर्दाळूचं तेल जास्त सोयीचं. ते बाजारात मिळतं आणि थिजत नाही.

कोरडेपणाचा अंदाज कोकणात बसून येत नाही. लेहला वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. नाकातून रक्त येणं, ओठ फाटणं, दाराच्या कडीला हात लावताच स्थिर विजेचा चटका बसणं, हे सगळं त्यातलंच. फणसाच्या लाकडाचा पोळपाट, तबला, तंबोरा यांना भेगा जातात. वाद्यं बुखारीच्या खोलीत ठेवू नका, शक्यतो गावीच ठेवा. कपड्यांत सुती बनियन सगळ्यात वाईट, घामाने ओलं होतं आणि अंगावरच गार पडतं. आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं. बूट एक नंबर मोठे घ्यावेत. घट्ट बुटात बोटं लाल होऊन सुजतात आणि रात्री खाजतात. ती एकदम शेकोटीला धरू नयेत.

गाडी आणणार असाल तर रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंट अर्धा आणि पाणी अर्धं. मैदानातलं डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं. टाकी जवळजवळ रिकामी करून इथलं हिवाळी डिझेल भरावं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलेलं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. रात्री हँडब्रेक लावू नका, तो गोठून चिकटतो. गिअर टाका आणि चाकामागे दगड ठेवा.

पुढच्या गणपतीला पंधरा दिवस गावी राहून परतणाराने, आपण जुने लेहकर झालो म्हणून, विमानतळावरून थेट हपिसात जाऊ नये. तेवढ्या दिवसांत शरीर उंची विसरायला लागतं, आणि फुप्फुसांत पाणी भरण्याचा त्रास अशा परतणाऱ्यांना पुष्कळदा होतो. तेव्हा पुन्हा दोन दिवस अंथरुणाजवळच काढायचे, मोदकांचा डबा दुसऱ्याने उचलायचा.