चांदीचा एक थेंब

2009 ची लग्नसराई. शहापूरच्या एका स्टुडिओवाल्या अण्णांनी आपला सीपीयू खडेबाजारातल्या आमच्या दुकानात आणून टेबलावर ठेवला. करिझ्मा अल्बमचं एक पान सेव्ह होईस्तोवर चहा पिऊन होतो, म्हणे. नवीन मशीनचं नाव काढलं तर, "सीझनचे पैसे अजून यायचेत की रे!"

आत पेंटियम ई2160 प्रोसेसर, 1.8 गिगाहर्ट्झचा. हा गडी याहून बराच पळतो हे मला ठाऊक होतं, पण त्या मदरबोर्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, वेग वाढवायची सोयच नव्हती. राहिला रंगाचा उपाय.

या प्रोसेसरच्या पाठीवर 775 सोनेरी ठिपके. त्यांतले बीसेल नावाचे तीन ठिपके बोर्डाला सांगतात, बसचा, म्हणजे बोर्डाशी बोलायच्या वाटेचा, मूळ वेग किती हवा ते. त्याला प्रोसेसरच्या ठरलेल्या गुणकानं गुणलं की प्रोसेसरचा वेग. ई2160 मागतो 200 मेगाहर्ट्झ. गुणक 9, म्हणून 1.8. बीसेल-1 शेजारच्या ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) ठिपक्याला जोडला की तोच 266 मागतो, म्हणजे 2.4. बोर्डाला वाटतं, मुळात 266 चाच माल आलाय. रॅमचं गणितही तो त्याप्रमाणे जुळवतो. बोर्डाला 266 झेपायला मात्र हवेत. हा जी31 चिपसेटचा होता, त्याला झेपणार होते.

गाडीच्या मागच्या काचेवरची हीटरची तुटलेली रेघ सांधायला वीज वाहणारा चांदीचा रंग मिळतो. त्याची इवलीशी बाटली ऑटो इलेक्ट्रिशियन मित्राकडून आणली. चांदी तळाला बसलेली, ती खूप हलवून घेतली. टूथपिकच्या टोकावर थेंब घेतला आणि टेकवला. दोन ठिपक्यांत मिलिमीटरभरही जागा नाही. भिंगातून पाहतो तर रंग तिसऱ्यावर ओघळलेला! आयसोप्रोपिलनं पुसलं. दुसऱ्यांदा नीट बसला, पण वाळायला वेळ दिला नाही. पंख्याच्या चार खुंट्या दाबून मशीन चालू केलं, तर पडद्यावर तेच 1.80. पुन्हा उघडताना एका खुंटीची नखी मोडली.

"काय करालास रे सकाळपासून?" मालक म्हणाले. "गिऱ्हाईकाचा माल आहे तो, रंगपंचमी नव्हे!"

अण्णांना या रंगाबद्दल मी चकार शब्द बोललो नव्हतो. बोलायला हवं होतं. प्रोसेसर गेला असता तर माझा महिन्याचा पगार त्यातच गेला असता.

तिसऱ्यांदा चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांमध्ये फक्त तेवढी फट सोडली, थेंब भरला, पट्ट्या उचलल्या आणि रात्रभर वाळू दिला. सकाळी प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, नवी खुंटी बसवली, बटण दाबलं. 2.40! तरी विश्वास बसेना, म्हणून प्रोसेसरला पूर्ण राबवून पारखणारं प्राइम 95 दिवसभर चालवत ठेवलं आणि दर अर्ध्या तासानं हीटसिंकला बोट लावून बघत राहिलो.

पंधरा दिवसांनी अण्णा कुंद्याचा पुडा घेऊन आले, काखेत दुसरं मशीन. "यालाबी तसंच करून दे की."

मी कपाटातनं बाटली काढली. झाकण घट्ट लागलं नव्हतं. तळाशी चांदीचा दगड झाला होता.