सांतियागोच्या भिंतीवर शेतकऱ्याचं पाणी

ऑक्टोबर 2019 मध्ये इथे सांतियागोत मेट्रोचं गर्दीच्या वेळचं तिकीट 30 पेसोंनी वाढलं. पोरं गेटवरून उड्या मारून फुकट जाऊ लागली आणि 18 तारखेला चिलेची राजधानी पेटली. आणीबाणी लागली, रस्त्यावर लष्कर आलं. जाळपोळीचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. मला सांगायचंय ते भिंतींबद्दल.

अलामेदा या मुख्य रस्त्यावर हात पोचेल तिथवर लिहिलेलं होतं. ‘30 पेसो नाही, 30 वर्षं’ तर जागोजागी. लष्करशहा पिनोशेची राजवट 1990 मध्ये गेली, पण पेन्शन, शिक्षण, दवाखाना हे तिने बाजाराच्या हाती दिलेलं तसंच राहिलं, हा राग. पोलिसांच्या छऱ्यांनी आणि अश्रुधुराच्या नळकांड्यांनी 400हून अधिक लोकांचे डोळे जखमी झाले, तेव्हा भिंतींवर रक्ताळलेले डोळे उमटले. गाब्रिएला मिस्त्राल सांस्कृतिक केंद्राच्या इमारतीतून एकेकाळी लष्करी राजवट चालायची. तिची दर्शनी भिंत चित्रांनी भरली. फेब्रुवारी 2020 मध्ये कोणीतरी रातोरात ती रंग फासून पुसली. लोकांनी पुन्हा भरली.

मी मात्र एका ओळीपाशी थांबलो: ‘हा दुष्काळ नाही, ही लूट आहे.’ 1981च्या कायद्याने इथे पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडला; तो विकता-विकत घेता येतो. पेतोर्का भागात डोंगरावर अवोकाडोच्या हिरव्यागार बागा, खालच्या वस्तीला टँकर. यवतमाळात वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

घाटंजीहून मामाजी फोनवर म्हणाले, “काहून रे, सरकार का भिंत वाचते?” मला वाटतं, भिंत कुठली यावर ते आहे. 2005-06च्या सुमारास वर्धा जिल्ह्यातल्या डोरलीने ‘गाव विकणे आहे’ असं लिहिलं. कर्जाने पिचलेल्या कास्तकारांनी आणखी काय लिहायचं होतं? बातम्या झाल्या, पण पाटी डोरलीतच राहिली. पेतोर्काच्या पाण्याचं गाऱ्हाणं राजधानीत, मंत्र्यांच्या गाड्या जातात त्या रस्त्यावरच्या भिंतीवर आलं, आणि मी लिहिताना पाहिलेली पोरं शहरातलीच होती. नागपूर-मुंबईच्या भिंतीवर शहरातल्या पोरांनी कापसाचा भाव लिहिलेला मी कधी पाहिला नाही. हे मला फार खुपतं.

पाणी कायद्यातल्या दुरुस्तीचा प्रस्ताव चिलेच्या संसदेत 2011 पासून पडून होता. एप्रिल 2022 मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि पिण्याच्या पाण्याला पहिला मान मिळाला. सगळं श्रेय भिंतींना देता येणार नाही, पण त्या नसत्या तर सांतियागोतल्या कितीजणांना पेतोर्का माहीत झालं असतं?

डोरलीच्या त्या पाट्यांचे फोटो कोणाकडे असतील तर नक्की पाठवा. इथे ऑफिसात पेतोर्काकडची एक मुलगी आहे, तिला दाखवायचे आहेत.